जुन्या संगणकाला नवे बळ



इतिहास म्हटला की किल्ले, तहनामे आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो एका टेबलावर मावणारा आहे. विकत घेतलेला संगणक काही महिन्यांतच तोकडा पडू लागला, तेव्हा त्याच्या मालकांनी घरच्या घरी त्याची स्मृती कशी वाढवली, त्याची गती कशी वाढवली, आणि ह्या कामी कोणकोणत्या अडचणींशी झुंज द्यावी लागली, हा आजचा विषय होय. विषय यंत्राचा दिसतो खरा. परंतु त्याच्या मुळाशी एक जुनाच प्रश्न आहे. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू खरोखर कोणाची? ज्याने ती घडवली त्याची, की जो ती वापरतो त्याची?

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. पेढीवर बसलेला एखादा कारकून डोळ्यांपुढे आणावा. त्याचा हात जितका चपळ, तितकी यंत्राची गती. हा हात म्हणजे प्रोसेसर. त्याच्या पुढ्यातील मेजावर एका वेळी जितके कागद मावतील, तितकी यंत्राची स्मृती. बाकीचे दप्तर मागच्या कपाटात, म्हणजे चकतीवर. मेज लहान असेल तर कारकून कितीही चपळ असो, त्याचा निम्मा दिवस उठबशीतच जातो. मेज ऐसपैस पण हात मंद, अशी स्थिती असेल तरी काम रखडतेच. स्मृती मोजावयाची ती बाइटांत. एका बाइटात एक रोमन अक्षर मावते. गती मोजावयाची ती मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे यंत्राच्या घड्याळाचे दर सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात त्यावरून. एवढे भांडवल आजच्या विषयाला पुरेसे आहे.

पहिल्या पिढीच्या संगणकांत घडवणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा अशी तीन माणसे वेगळी नव्हती. ह्याचे उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांच्या एका गटाने आपल्या हातांनी एक संगणक उभा केला. तो १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली त्याला ‘टिफरॅक’ हे नाव मिळाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द तीत मावत. आजच्या हिशेबाने हे अवघे १०,२४० बाइट झाले. परंतु त्या यंत्रात असा एकही सांधा नव्हता की जो त्या संस्थेतील कोणाला ठाऊक नाही. त्यात फेरफार करण्यासाठी कोणाची परवानगी काढावी, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९७५ च्या आरंभी अमेरिकेत ‘आल्टेअर’ नावाचा संच आला आणि संगणक प्रयोगशाळेतून घरात शिरला. संच घेणाऱ्याने सुटे भाग स्वतः डाख देऊन जोडावयाचे होते. मूळ संचाची स्मृती केवळ २५६ बाइट! तेव्हा विकत घेणाऱ्याचे पहिले काम काय, तर जादा स्मृतीची पाटी मिळवणे किंवा ती स्वतः बनवणे. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका मोटारखान्यात ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ ह्या हौशी मंडळाची पहिली सभा भरली. ह्या सभांना येणाऱ्यांत स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक नावाचा एक तरुण होता. त्याने रचलेला ‘अ‍ॅपल टू’ हा संगणक १९७७ साली बाजारात आला. त्यात जादा पाट्या खोचण्यासाठी आठ खाचा होत्या. धंद्यातील त्याचे भागीदार स्टीव्ह जॉब्स ह्यांच्या मते दोन पुरेशा होत्या. वॉझ्निअ‍ॅकने आठांचा आग्रह सोडला नाही. शिवाय स्मृतिचिपांच्या बैठका अशा केल्या होत्या की, आज चार हजार बिटांची चिप बसवावी आणि पुढे ऐपत झाली म्हणजे तेथेच सोळा हजारांची बसवावी. वाडा बांधतानाच पुढे माडी चढवता येईल इतका पाया भक्कम धरावा, तशी ही दूरदृष्टी होती.

ह्याच कंपनीचे पुढचे यंत्र मात्र अगदी उलट विचाराने जन्मास आले. २४ जानेवारी १९८४ रोजी ‘मॅकिंटॉश’ प्रसिद्ध झाला. किंमत २,४९५ डॉलर. शिवणयंत्र किंवा रेडिओ जसा कोणीही वापरावा, तसा संगणक वापरता यावा, ही त्यामागची कल्पना. ती कल्पना थोर होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्या पोटात दुसरी एक कल्पना दडलेली होती. ती अशी की, वापरणाऱ्याने आत डोकावण्याचे कारण नाही. खाचा नाहीत, आणि पेटीचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे व इतके खोल की लांब दांड्याचा खास पेचकस असल्यावाचून पेटी उघडू नये.

ह्या सुंदर पेटीतील स्मृती होती १२८ के, म्हणजे १,३१,०७२ बाइट. टिफरॅकच्या मानाने ही सुमारे तेरा पट. तरीही ती अपुरीच होती. कारण मॅकिंटॉशचा पडदा अक्षरांचा नव्हता, चित्रांचा होता. आडवे ५१२ व उभे ३४२ ठिपके; प्रत्येक ठिपक्याला एक बिट. हिशेब केला तर केवळ पडद्यावरील चित्र धरून ठेवण्यास २१,८८८ बाइट लागतात. म्हणजे एकूण स्मृतीचा सहावा हिस्सा कारकुनाने कामाला हात लावण्यापूर्वीच खर्ची पडला. उरलेल्या जागेत कार्यक्रम आणि मजकूर दाटीवाटीने बसवावयाचे. परिणाम असा की, एकच चकतीयंत्र असलेल्या मालकाला एका चकतीची प्रत काढावयाची तर दोन चकत्या पुनःपुन्हा आतबाहेर करीत बसावे लागे.

ही उणीव बाहेर कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वी ती आतल्याच एका माणसाने हेरली होती. मॅकिंटॉशचा मुख्य पट रचणारा बरेल स्मिथ हा मुळात कंपनीच्या सेवाविभागात बिघडलेले ‘अ‍ॅपल टू’ दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. ज्याने दुसऱ्याची यंत्रे उघडून उपजीविका केली, त्याला न उघडणारे यंत्र रचणे कसे मानवावे? त्याचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड ह्याने पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत ही हकीकत आली आहे. स्मिथने प्रथम एक खाच सुचवली. ती नाकारण्यात आली. मग कारखान्यातील तपासणीसाठी म्हणून ‘निदानद्वार’ ह्या सोज्ज्वळ नावाने त्याने तीच सोय पुन्हा पुढे आणली. तीही वरिष्ठांनी ओळखली आणि काढावयास लावली. तिसऱ्या खेपेस त्याने फार थोडे मागितले. पटावर केवळ काही जादा रेषा ओढावयाच्या, म्हणजे पुढेमागे चौपट मोठ्या स्मृतिचिपा त्याच जागी बसवता येतील; खर्च काही सेंटांचा. जॉब्स ह्यांना हेही रुचले नाही. गिऱ्हाइकाने पेटीत हात घालू नये, आणि अधिक स्मृती हवी असेल तर नवे यंत्र घ्यावे, असे त्यांचे मत. परंतु बदल इतका बारीक होता की स्मिथने तो तसाच राहू दिला, आणि त्याची वाच्यता कोणी केली नाही.

ह्या रेषांचे मर्म थोडे समजून घेण्यासारखे आहे. मूळ मॅकिंटॉशमध्ये ६४ हजार बिटांच्या सोळा चिपा होत्या. ६५,५३६ घरांपैकी एक घर नेमके सांगावयास सोळा बिटांचा पत्ता लागतो. पण चिपेला पत्त्यासाठी पाय आठच. म्हणून पत्ता दोन हप्त्यांत दिला जाई. आधी ओळ, मग स्तंभ. चौपट मोठ्या चिपेला अठरा बिटांचा पत्ता लागतो, म्हणजे दोन हप्त्यांसाठी नऊ पाय हवेत. योगायोग असा की, ६४ हजारांच्या चिपेचा पहिला पाय रिकामाच होता, आणि नव्या चिपेत नववी पत्त्याची तार नेमकी त्याच पायाशी येत होती. स्मिथने ह्या रिकाम्या पायापर्यंत तार नेऊन ठेवली, आणि पत्त्याचे दोन जादा बिट आळीपाळीने त्या तारेवर सोडणाऱ्या एका लहानशा मल्टिप्लेक्सर चिपेसाठी जागा राखली.

सप्टेंबर १९८४ मध्ये ५१२ के स्मृतीचा मॅकिंटॉश ३,१९५ डॉलरांना बाजारात आला. लोकांनी दोन्ही पट शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा गुपित उघडे पडले. जानेवारी १९८५ च्या ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ ह्या मासिकात हा बदल घरी कसा करावा ह्याची सविस्तर कृती छापून आली. कृती वाचावयास सोपी होती. जुन्या सोळा चिपा काढाव्या, त्या जागी बैठका डाखाव्या, बैठकांत नव्या चिपा बसवाव्या, मल्टिप्लेक्सर आणि एक-दोन किरकोळ भाग जोडावे, की झाले. प्रत्यक्षात सोळा चिपांचे प्रत्येकी सोळा, म्हणजे २५६ पाय, पटाला इजा न करता मोकळे करावयाचे! कांडी क्षणभर जास्त टेकली की तांब्याची केसासारखी रेषा उचलून येते, आणि अडीच हजार डॉलरांचे यंत्र निकामी होते. शेजारीच चित्रनलिका, तिच्यात बंद केल्यावरही हजारो व्होल्टांचा भार रेंगाळू शकतो. शिवाय पेटी उघडताक्षणी कंपनीची हमी संपली. एवढे सारे पत्करून कित्येकांनी हे काम केले. कारण हिशेब त्यांच्या बाजूचा होता. कंपनीकडून हीच वाढ करून घ्यावयाची तर पट बदलावा लागे आणि त्याला हजार डॉलरांच्या घरात खर्च येई. तर १९८५ साली स्मृतिचिपांचे भाव इतके कोसळले की इंटेलसारख्या बलाढ्य कारखान्यानेही त्याच वर्षी ह्या धंद्यातून अंग काढून घेतले. मंदी कारखानदाराला मारक ठरली. डाखाची कांडी हाती असलेल्या मालकाला ती पर्वणी झाली.

स्मृती झाली, आता गती. येथे एक शंका साहजिकच उद्भवते. यंत्राच्या घड्याळाचा स्फटिक काढून दुप्पट वेगाचा बसवला तर काम भागणार नाही काय? भागत नाही. मॅकिंटॉशमध्ये एकच मूळ घड्याळ आहे, १५.६६७२ मेगाहर्ट्झचे. त्याच्या एकेका ठोक्याला पडद्यावर एक ठिपका उमटतो. त्याच्या निम्म्या गतीने, म्हणजे ७.८३३६ मेगाहर्ट्झने, प्रोसेसर चालतो. आणि ध्वनीचे नमुनेही त्याच हिशेबाने बाहेर पडतात. दर सेकंदाला सुमारे साठ वेळा चित्र नव्याने रेखले जाते ते ह्याच तालावर. स्फटिक बदलला की एका प्रोसेसरचाच नव्हे, साऱ्या मेळाचा ताल बिघडतो.

दुसरी अडचण स्मृतीची. मॅकिंटॉशचा ६८००० हा मोटोरोलाचा प्रोसेसर स्मृतीकडे एक खेप करावयास किमान चार ठोके घेतो आणि एका खेपेत दोन बाइट आणतो. म्हणजे सेकंदाला फार तर ३९ लाख बाइट. पण त्याच स्मृतीतून पडद्यालाही चित्र पुरवावयाचे असते. त्यामुळे प्रोसेसरला आपली पाळी येईतो ताटकळावे लागते, आणि प्रत्यक्षात सरासरी साडेपंचवीस लाख बाइटच पदरात पडतात. अशा ठिकाणी नुसता चपळ प्रोसेसर आणून बसवला तर काय होईल? एका जुवाला एक तरणा आणि एक थकलेला बैल जुंपावा तसे होईल. गाडी थकलेल्याच्याच चालीने जाणार.

म्हणून गतिवर्धक पाटी रचणाऱ्यांनी शोधलेला मार्ग असा : नव्या प्रोसेसरबरोबर त्याची स्वतःची नवी स्मृतीही त्याच पाटीवर द्यावी. प्रोसेसरने मागितलेला पत्ता ह्या नव्या स्मृतीतील असेल तर व्यवहार पाटीवरच, पूर्ण वेगाने उरकावा. पडदा, कळफलक, चकती ह्यांचा पत्ता आला तर मात्र जुन्या पटाच्या चालीशी जुळवून घ्यावे. असे करणे शक्य झाले ते ६८००० च्या एका सभ्य रिवाजामुळे. हा प्रोसेसर पत्ता मांडतो आणि समोरून ‘पोच’ येईपर्यंत स्वस्थ थांबतो. पोच लवकर आली तर लवकर पुढे जातो, उशिरा आली तर उशिरा. दुप्पट ठोक्याचा प्रोसेसर आपल्या खाजगी स्मृतीतून सेकंदाला ७८ लाख बाइट आणू शकतो. म्हणजे ठोका दुप्पट झाला तरी लाभ तिपटीचा, कारण पडद्यासाठी थांबणे संपले. तात्पर्य, गतीचा प्रश्न सोडवावयास निघालेला माणूस फिरून स्मृतीपाशीच येतो.

१९८६ च्या सुमारास अशा पाट्या विकत मिळू लागल्या. सॅन दिएगोच्या लेव्हको कंपनीच्या पाटीवर ६८०२० हा नवा प्रोसेसर आणि चार मेगाबाइटपर्यंत स्मृती असे. खाच नव्हती, तेव्हा जुन्या प्रोसेसरच्या ६४ पायांवर बसणारा चिमटा वापरून पाट्या जोडण्याची युक्ती निघाली. पेटीत पंखाही नव्हता, कारण यंत्र निःशब्द असावे असा मूळ हट्ट होता. त्यामुळे वाढलेल्या उष्णतेचा बंदोबस्त वेगळा करावा लागे. त्याच वर्षी ‘रेडियस’ नावाची कंपनी स्थापन झाली. मॅकिंटॉशसाठी मोठे पडदे व गतिवर्धक पाट्या हा तिचा धंदा. तिच्या संस्थापकांत दोन नावे आपल्या ओळखीची आहेत : अँडी हर्ट्झफेल्ड आणि बरेल स्मिथ. जे आतून करता आले नाही, ते त्यांनी बाहेर पडून केले. जॉब्स १९८५ मध्येच कंपनी सोडून गेले होते. १९८६ च्या मॅकिंटॉशमध्ये स्मृती चार मेगाबाइटपर्यंत वाढवण्याची अधिकृत सोय आली, आणि मार्च १९८७ मध्ये तर सहा खाचांचा ‘मॅकिंटॉश टू’ अवतरला. वॉझ्निअ‍ॅकचा जुना आग्रह दहा वर्षांनी पुन्हा मान्य झाला.

गती वाढवणाऱ्याने एक गणित मात्र विसरू नये. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल ह्यांनी मांडलेला विचार असा की, कामाचा जो भाग आपण सुधारला नाही, तोच शेवटी आपली मर्यादा ठरतो. समजा, एका कामाला दहा सेकंद लागतात. त्यांतील सहा चकतीच्या आणि चार प्रोसेसरच्या. प्रोसेसर चौपट वेगवान केला तरी दहाचे सातच होतात. त्याऐवजी स्मृती वाढवून चकतीच्या खेपा सहा सेकंदांवरून एकावर आणल्या, तर जुन्याच प्रोसेसरने दहाचे पाच होतात. आणि दोन्ही केले तर दोन. म्हणून अनुभवी माणसाचा क्रम असा : आधी मेज मोठे करावे, मग हात चपळ करावा.

आणखी एक धडा ह्या इतिहासात आहे. तुटपुंज्या स्मृतीच्या दिवसांत ज्या काटकसरी केल्या, त्या पुढे अंगाशी आल्या. ६८००० आतून ३२ बिटांचे पत्ते धरीत असे, पण बाहेर २४ च बिटे नेई. वरची आठ बिटे वाया जात. मॅकिंटॉशच्या रचनाकारांनी त्या आठ बिटांत आपल्या बारीकसारीक खुणा साठवल्या. पुढे ६८०२० आला. तो सारे ३२ बिट खरोखरच पत्ता म्हणून वाचणारा. तेव्हा त्या खुणा पत्त्यात मिसळू लागल्या, आणि ती गाठ सोडवण्यात कित्येक वर्षे गेली. ‘अ‍ॅपल टू’चीही गोष्ट अशीच, त्याचे चकतीयंत्र प्रोसेसरच्या पावलांच्या मोजमापावर चाले, म्हणून त्याच्या गतिवर्धक पाट्यांना चकतीशी बोलताना मुद्दाम जुनी संथ चाल धरावी लागे. वडीलधाऱ्यांशी बोलताना तरुणाने आवाज उतरवावा, तसेच हे.

ही यंत्रे आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. खिशातील फोन त्यांच्याहून हजारो पटींनी चपळ आहे. तरीही आज जगभर हौशी मंडळी ह्याच जुन्या यंत्रांसाठी घरी गतिवर्धक पाट्या रचीत आहेत. आराखडा घरच्या संगणकावर काढावा, पट थोड्या पैशांत कारखान्याकडून छापून आणावा, आणि पूर्वी ज्याला मूठभर चिपा लागत ते काम हवा तसा तर्क भरून घेता येणाऱ्या एकाच चिपेकडून करून घ्यावे, अशी सोय आता झाली आहे. अडचणीही नव्या आहेत. जुना पट पाच व्होल्टांचा, आजच्या चिपा बहुधा ३.३ व्होल्टांच्या, मध्ये दुभाषा ठेवला नाही तर नवी चिप जळते. जुन्या पद्धतीची स्मृती गळक्या भांड्यांसारखी. दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक ओळ पुन्हा भरली नाही तर लिहिलेले पुसले जाते. ह्या साऱ्याचा आर्थिक लाभ शून्य. मग हा खटाटोप कशासाठी?

आमच्या मते ह्याचे उत्तर टिफरॅकच्या त्या खोलीत सापडते. एक संपूर्ण संगणक, पहिल्या ठोक्यापासून पडद्यावरील शेवटच्या ठिपक्यापर्यंत, एका माणसाच्या डोक्यात मावू शकतो, असा अनुभव आजची यंत्रे देत नाहीत; चाळीस वर्षांपूर्वीची देतात. जो स्वतः पाटी रचतो, त्याला प्रत्येक तार का तेथे आहे हे सांगता येते.

आणि ह्या ज्ञानाचा व्यवहाराशी संबंध नाही असे कोणी समजू नये. आज पुष्कळशा लहान संगणकांत स्मृती पटावर कायमची डाखलेली असते. काहींत तर ती प्रोसेसरच्याच आवरणात असते, आणि खरेदीच्या दिवशी जितकी घेतली तितकीच जन्मभर. तसे करण्यास सबळ कारणेही आहेत. तारा आखूड झाल्या की गती वाढते, वीज वाचते. परंतु कारण सबळ आहे की नुसते सोयीचे आहे, हे ओळखण्यासाठी गिऱ्हाइकाला आतले काही कळावे लागते. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता अनेक देशांत होत आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले. कायदे होतील तेव्हा होतील. परंतु वस्तू उघडण्याची इच्छा आणि अक्कल लोकांत उरली नसेल, तर मिळालेला हक्क कपाटातील दप्तरासारखा पडून राहील.

मॅकिंटॉशच्या पेटीच्या आतल्या बाजूस, कोणाला सहसा दिसणार नाही अशा ठिकाणी, तो घडवणाऱ्यांच्या सह्या साच्यातच उमटवलेल्या आहेत. १९८५ साली जीव मुठीत धरून ज्यांनी ती पेटी उघडली, त्यांनी त्या सह्या पाहिल्या असतील. त्यांत बरेल स्मिथचीही आहे. पण त्याची खरी सही तेथून वीतभर अंतरावर, पटावर होती : सोळा चिपांच्या पहिल्या पायापर्यंत आणून ठेवलेली, अजून कशालाही न जोडलेली एक तार.